रोमन साम्राज्याचं नाणं: काट्यावर ठेवण्यापासून नोंदवहीत उतरवण्यापर्यंत

रोमन नाणी जमवायला सुरुवात करायची असेल तर सोन्याच्या ऑरियसकडे किंवा नीरोच्या मोठ्या सेस्टर्शियसकडे वळू नका. इ.स. ३३० ते ३४१ या काळात कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या नावाने पाडलेली 'ग्लोरिया एक्झर्सिटस' (सैन्याची कीर्ती) छापाची छोटी काशाची नाणी घ्या. ती भरपूर मिळतात आणि स्वस्त असतात. शिवाय राजाचं नाव, मुखचित्र, मागचा देखावा, टांकसाळीची खूण, त्या टांकसाळीतल्या शाळेचं, म्हणजे कार्यशाळेचं, अक्षर असं सगळं त्या सतरा-अठरा मिलिमीटरच्या चकतीवर असतं. अशा पाच-सहा नाण्यांची पूर्ण नोंद स्वतः केली की पुढे कुठलंही रोमन नाणं हातात आलं तरी बावरायला होत नाही.

नवखे लोक बहुधा आधी चेहरा बघून राजा ठरवतात, मग इंटरनेटवर तसंच दिसणारं चित्र शोधतात आणि त्याखालचं वर्णन उतरवून घेतात. त्या वर्णनातल्या चुकाही मग आपल्या वहीत येतात. म्हणून आपल्या नाण्यावर जे खरोखर दिसतं ते आधी लिहा, ग्रंथ आणि जालावरचे संग्रह नंतर उघडा.

साधनं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि एक बारीक टॉर्च, एवढ्यावर भागतं. कॅलिपरचे जबडे धातूचे असतात. मऊ चांदीवर ओरखडा उठू नये म्हणून त्यांना कागदी पट्टी चिकटवा आणि तिची जाडी वजा करा. नाणं हाताळताना खाली जाड रुमाल अंथरलेला हवा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. फरशीवर पडली तर दुभंगते.

धातू, वजन, व्यास

पहिल्या दोन शतकांत १ ऑरियस म्हणजे २५ दिनारियस, १ दिनारियस म्हणजे ४ सेस्टर्शियस आणि १ सेस्टर्शियस म्हणजे २ दुपोंडियस किंवा ४ अस. ऑरियस सोन्याचा, दिनारियस चांदीचा, सेस्टर्शियस आणि दुपोंडियस पितळी, अस तांब्याचा. ऑगस्टसच्या काळात दिनारियस ३.९ ग्रॅमच्या आसपास होता, इ.स. ६४ मध्ये नीरोने तो सुमारे ३.४ ग्रॅमवर आणला. सेस्टर्शियस २५ ग्रॅमच्या आगेमागे, व्यास ३० ते ३५ मिमी. अस ११ ग्रॅमच्या आसपास, दुपोंडियस थोडा जड.

इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने किरणमुकुटाचं नवं चांदीचं नाणं काढलं. अभ्यासक त्याला अँटोनिनियानस म्हणतात. ते दोन दिनारियसच्या किमतीला चालवलं गेलं असं मानतात, वजन मात्र साधारण दीड दिनारियसइतकंच, पाच ग्रॅम. पुढे २६० च्या दशकाच्या अखेरीस त्यातली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. त्यामुळे 'चांदीचं' म्हणून विकलेलं त्या काळातलं नाणं तांबूस दिसलं तर लगेच बनावट समजू नका. वरचा चांदीचा पातळ थर घासून गेलेला असतो.

इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशनने सुमारे १० ग्रॅमचं मोठं काशाचं नाणं सुरू केलं. वीस-पंचवीस वर्षांत त्याचं वजन तीन ग्रॅमपर्यंत घसरलं. चौथ्या शतकातल्या काशाच्या नाण्यांची मूळ नावं नीट ठरलेली नाहीत, म्हणून त्यांचे आकारावरून चार वर्ग पाडतात: २५ मिमीहून मोठं ते पहिल्या वर्गातलं, २१ ते २५ दुसऱ्या, १७ ते २१ तिसऱ्या आणि १७ पेक्षा लहान ते चौथ्या वर्गातलं.

व्यास मोजताना सगळ्यात रुंद जागेचं माप घ्या. ही नाणी हाताने ठोकलेली असल्याने क्वचितच पूर्ण गोल असतात. फरक दोन मिलिमीटरहून जास्त असेल तर दोन्ही मापं लिहा.

मग अक्ष, म्हणजे पुढच्या बाजूच्या मानाने मागची बाजू किती फिरलेली आहे ते. पुढची बाजू सरळ धरून नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत पकडा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. मागच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या ज्या आकड्याकडे असेल तो आकडा लिहायचा. सरळ असेल तर १२, उलटं असेल तर ६. साम्राज्याच्या बऱ्याच टांकसाळींत ६ किंवा १२ चा अक्ष जास्त आढळतो. हा आकडा वगळण्याची बऱ्याच विक्रेत्यांना सवय आहे; तुम्ही वगळू नका, कारण फोटोवरून तो कधीच कळत नाही.

मुखचित्र

आधी डोक्यावर काय आहे ते बघा: उघडं डोकं, लॉरेलच्या पानांचा मुकुट, किरणमुकुट, रत्नजडित पट्टी की शिरस्त्राण. किरणमुकुट बहुतेक वेळा दुप्पट किमतीची खूण असते. नीरोनंतर दुपोंडियस आणि अस हे दोन्ही २६ ते २८ मिमीचे, आणि हिरवा-काळा थर चढल्यावर पितळ कुठलं नि तांबं कुठलं हे डोळ्यांना कळत नाही. तिथे मुकुट बघूनच निवाडा करायचा: किरणमुकुट असेल तर दुपोंडियस. राणीच्या नाण्यावर किरणमुकुटाऐवजी खांद्याखाली चंद्रकोर असते. नीरोच्या आधीच्या नाण्यांना आणि चंद्रकोर नसलेल्या राणीच्या तांबड्या नाण्यांना हा नियम लावता येत नाही. तिथे 'दुपोंडियस किंवा अस' असं प्रामाणिकपणे लिहावं.

त्यानंतर खांद्यावर काय आहे ते बघा. नुसतं मस्तक, झगा, चिलखत, की चिलखतावर झगा? झगा असेल तर खांद्यावर घड्या आणि बहुधा गोल बक्कल दिसतं. चिलखत असेल तर खांद्यावर पट्ट्यांची रांग दिसते. संदर्भग्रंथात या एवढ्या फरकावर वेगळा क्रमांक असतो.

लेख वाचणं

लेख म्हणजे नाण्यावर उमटवलेली अक्षरं. नोंदवहीत तो रोमन मोठ्या अक्षरांतच लिहायचा. इथे अक्षरांची नावं देवनागरीत दिली आहेत. खोलीतले दिवे बंद करा. टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून तिरपा झोत टाका आणि नाणं हळूहळू फिरवत जा. वरून पडलेल्या उजेडात न दिसणारं अक्षर एखाद्या कोनात अचानक उठून दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात लेख बहुधा घड्याळातल्या ७ च्या जागी सुरू होऊन काट्यांच्या दिशेने जातो. ऑगस्टसच्या घराण्यातल्या नाण्यांवर मात्र सुरुवात कुठेही असू शकते आणि दिशाही उलटी असू शकते.

यू अक्षर लेखात नसतं, त्याच्या जागी व्ही असतं. शब्दांमध्ये जागाही बहुधा सोडलेली नसते. नेहमीची संक्षिप्त रूपं अशी: 'आय एम पी' म्हणजे इंपेराटोर (सम्राट), 'ए व्ही जी' ऑगस्टस, 'सी ए ई एस' सीझर, 'पी एम' मुख्य धर्माधिकारी, 'टी आर पी' ट्रिब्यूनचा (लोकप्रतिनिधीचा) अधिकार, 'सी ओ एस' कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च पद), 'पी पी' राष्ट्रपिता, 'डी एन' आमचा स्वामी. तांब्या-पितळेच्या नाण्यावर मागे मोठं 'एस सी' असेल तर ते सिनेटच्या ठरावाचं. बाकी शब्द राजाच्या नावाचे किंवा विजयाच्या बिरुदांचे.

नावावर फार भरवसा ठेवू नका. 'अँटोनिनस' हे नाव अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॅराकॅला आणि एलागाबालस या चौघांच्याही नाण्यांवर येतं. एलागाबालसच्या मागच्या बाजूला पुष्कळदा एक तारा असतो. कॅराकॅलाच्या लेखात इ.स. २१० पासून 'बी आर आय टी' आणि २१३ पासून 'जी ई आर एम' ही बिरुदं दिसतात. 'मॅक्सिमियानस' असं नुसतं असेल तर तो मॅक्सिमियन किंवा गॅलेरियस, दोघांपैकी कुणीही.

न दिसणारी अक्षरं चौकोनी कंसात घाला, अर्धवट दिसणाऱ्या अक्षराखाली टिंब द्या. मुखचित्रामुळे लेख जिथे तुटतो तिथे आडवी रेघ लिहा. ही रेघ क्षुल्लक वाटते, पण चौथ्या शतकात तेवढ्यावरून कधीकधी टांकसाळ ओळखता येते.

साल काढणं

ट्रिब्यूनचा अधिकार दरवर्षी नव्याने मिळायचा, म्हणून 'टी आर पी' नंतरचा आकडा म्हणजे बहुधा राज्याचं कितवं वर्ष. कॉन्सलपद मात्र दरवर्षी घेतलं जात नसे. पुढच्या वेळेपर्यंत जुनाच आकडा चालू राहतो. सेव्हेरस अलेक्झांडर इ.स. २२२ मध्ये गादीवर आला. त्याच्या दिनारियसवर 'पी एम टी आर पी ६ सी ओ एस २ पी पी' असेल तर ते नाणं २२७ चं. एवढं नेमकं सगळीकडे जमत नाही. ट्राजनच्या 'एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिन्सिपी' छापाच्या दिनारियसवर ट्रिब्यूनचा आकडाच नसतो. 'सी ओ एस ५' वरून फक्त १०३ ते १११ एवढं म्हणता येतं. हेड्रियन तर ११९ नंतर कॉन्सल झालाच नाही, त्यामुळे 'सी ओ एस ३' चा पट्टा १३८ पर्यंत पसरतो. त्यात 'पी पी' असेल तर १२८ नंतरचं. जेवढं सिद्ध होतं तेवढाच पट्टा लिहा.

मागची बाजू आणि टांकसाळ

देखाव्यात कोण आहे हे ठरवण्यापेक्षा हातात काय आहे ते लिहा. तराजू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर समता किंवा नाण्यांची देवी मोनेटा, सुकाणू आणि शिंग असेल तर भाग्यदेवी, पंख आणि माळ असेल तर विजयदेवी. नाव बहुधा लेखातच असतं.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून, आणि चौथ्यात जवळजवळ नेहमीच, खालच्या आडव्या रेघेच्या खाली टांकसाळीची खूण असते. 'एस एम के ए' म्हणजे पवित्र टांकसाळ, सिझिकस, पहिली शाळा. 'एस आय एस' सिस्किया, 'एस एम एन' निकोमीडिया, 'एस एम ए एन' अँटिऑक, 'टी एस' थेस्सालोनिका. इथे दोन सापळे आहेत. 'सी ओ एन एस' आणि मागे ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल. पण आधी 'पी' किंवा 'एस' लागून 'सी ओ एन एस टी' असेल तर ते आर्ल, कारण त्या शहराचं नाव तेव्हा कॉन्स्टंटिना होतं. दुसरं म्हणजे 'टी आर पी'. गोल लेखात हीच अक्षरं ट्रिब्यूनच्या अधिकाराची, पण रेघेखाली असतील तर ट्रिअर टांकसाळीच्या पहिल्या शाळेची. टिंब, तारा, चंद्रकोर, पानाची माळ यांतलं काहीही रेघेखाली दिसलं तर ते नोंदवा. त्यावरून मालिका आणि साल ठरतं.

'ग्लोरिया एक्झर्सिटस' मध्ये दोन सैनिकांच्या मधल्या ध्वजांची संख्या मोजा. दोन ध्वज असतील तर ३३० ते ३३५, एक असेल तर ३३५ ते ३४१. एक ध्वजाची नाणी लहान आणि हलकी असतात, दीड-पावणेदोन ग्रॅमची.

संदर्भ क्रमांक

'रोमन इंपीरियल कॉइनेज' हा दहा खंडांचा ग्रंथ, रूढ भाषेत आरआयसी, जगभर प्रमाण मानला जातो. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचं ओसीआरई हे संकेतस्थळ त्याच क्रमांकांवर बेतलेलं असून फुकट वापरता येतं. पहिल्या पाच खंडांत क्रमांक राजागणिक चालतात. इ.स. २९४ पासून सुरू होणाऱ्या सहाव्या खंडापासून नवव्यापर्यंत मात्र टांकसाळ बदलली की क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणून नुसतं 'आरआयसी ७, २१९' लिहिलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही. टांकसाळीचं नाव हवंच. काही खंडांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत आणि त्यांत क्रमांक बदलले आहेत. हेड्रियनचा खंड २०१९ चा आहे. कुठली आवृत्ती वापरली ते लिहा. क्रमांक जुळत नसेल तर जवळचा क्रमांक देऊन 'यासारखं, पण...' लिहून फरक नोंदवा. दुर्मिळ जात सापडली असं वाटलं तर आधी आपलं वाचन पुन्हा तपासा. दहापैकी नऊ वेळा एखादं अक्षर चुकलेलं असतं.

नोंदीचा नमुना

टायबेरियस, इ.स. १४–३७. चांदीचा दिनारियस. लुग्डुनम टांकसाळ, आजचं फ्रान्समधलं लियाँ. ३.७२ ग्रॅम, १८.२ मिमी, अक्ष ५.
पुढे: टी आय सीझर डिव्ही ए व्ही जी एफ ऑगस्टस. लॉरेल मुकुट घातलेलं मस्तक, तोंड उजवीकडे.
मागे: पोंटिफ मॅक्सिम. उजवीकडे तोंड करून बसलेली स्त्री, उजव्या हातात लांब राजदंड, डाव्या हातात फांदी. खुर्चीचे पाय नक्षीदार.
संदर्भ: आरआयसी १, सुधारित आवृत्ती, टायबेरियस ३०.
स्थिती: मुखावरचे उंचवटे झिजलेले, मागचा लेख ३ च्या बाजूला चकतीबाहेर, मुखावर एक जुना छेद.
कुठून: विक्रेता, तारीख, किंमत, आधीचा संग्रह.

यात एक गोम आहे. 'तोंड उजवीकडे' म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, पण 'उजव्या हातात' म्हणजे त्या आकृतीच्या स्वतःच्या उजव्या हातात. समोर तोंड केलेल्या आकृतीत हे हटकून उलटं लिहिलं जातं. स्थितीसाठी 'व्हेरी फाइन' वगैरे शब्द वापरा हवे तर, पण दोष शब्दांत लिहिलेले जास्त उपयोगी पडतात.

फोटो काढताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, १० किंवा ११ च्या दिशेने यायला हवा. खालून आला तर उठाव खोलगट दिसतो आणि नाक आत गेल्यासारखं वाटतं.

बनावट कशी ओळखावी

ओतीव नाण्यात अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात, भिंगाखाली बारीक गोल बुडबुडे दिसतात, आणि कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. ठोकलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या दिशेने वाहिल्याच्या बारीक रेषा अक्षरांभोवती दिसतात, कडेला तडे असतात.

सगळ्यांत पक्का पुरावा तुलनेतून मिळतो. एकाच ठशातून निघालेली दोन खरी नाणी असू शकतात, पण त्यांची चकती, कडेचा तडा, छाप किती सरकला आणि झीज कुठे झाली हे सगळं एकसारखं असू शकत नाही. तसं जुळलं तर निदान एक तरी साच्यातून ओतलेलं आहे. म्हणून घेण्याआधी त्या जातीचे शक्य तितके फोटो चाळून बघा.

पाण्यातल्या वजनाची परीक्षा सोन्याला चांगली लागू पडते. ७.२५ ग्रॅमचा शुद्ध सोन्याचा ऑरियस दोऱ्याने पाण्यात लोंबकळवला तर सुमारे ०.३८ ग्रॅम हलका भरतो. दिनारियसला मात्र ही परीक्षा अपुरी पडते: ३.३ ग्रॅमला घट ०.३२ आली की ०.३६, यावर चांदी की आतून तांबं हे ठरतं आणि घरगुती काट्याची चूकच त्यातला बराचसा फरक खाते. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली प्राचीन बनावट नाणीही असतात. पत्रा फाटला की हिरवट तांबं डोकावतं. ती आधुनिक बनावटीपेक्षा वेगळी आणि अभ्यासाला मोलाची, फक्त किंमत दिनारियसची देऊ नका.

सोळाव्या शतकात पाडुआच्या जोव्हानी दा काव्हिनोने सेस्टर्शियसच्या देखण्या नकला केल्या. मोठ्या आकाराचं, फारच सुबक आणि ताजं दिसणारं पितळी नाणं स्वस्तात मिळत असेल तर त्याच्या नकलेचीही एखादी नक्कल समोर असण्याची शक्यता धरा.

सफाई आणि साठवण

तांब्याची भांडी लखलखीत करायला घरात चिंच, लिंबू किंवा पितांबरी असतेच. यातलं काहीही नाण्याला लावू नका. आम्ल हिरवा थर खाऊन टाकतं, आणि अक्षरांचे बारीक तपशील बहुतेक त्या थरातच उरलेले असतात. माती बसलेलं नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी आणि मग आठवड्याला पाणी बदला. मऊ झालेली माती लाकडी टूथपिकने काढा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतं.

क्लोराइडमुळेच काशाला जो रोग लागतो तो ओळखायला शिका. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी, टोचली तर पडते, पुसली तरी काही दिवसांत परत येते. असं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. भुकटी सुईने काढून टाका आणि नाणं डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवा. तरी थांबलं नाही तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण, म्हणजे एका लिटरला ५० ग्रॅम, वापरतात. त्याने थराचा रंग बदलू शकतो, म्हणून रोग नसलेल्या नाण्याला ते लावू नये. नंतर धुऊन पूर्ण कोरडं करा आणि दोन आठवडे नजरेखाली ठेवा.

हा रोग दमटपणावर पोसतो. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो बहुधा थांबतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात असं घर मिळणं नाही, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये वाळवून परत घाला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवली तर काही वर्षांत चिकट हिरवा लेप चढतो. मायलरची पाकिटं घ्या.

भारतात सापडलेली नाणी आणि कायदा

पहिल्या शतकात भरुचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी उतरत होती, आणि भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसचे दिनारियस मोठ्या संख्येने आढळतात; यातले बहुतांश साठे दक्षिणेतले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे तर रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदकं निघाली आहेत. भारतातल्या नाण्यांवर मुखावरचा छेद, दागिन्यात ओवायला पाडलेली भोकं, आणि स्थानिक नकलांवर अर्थहीन अक्षरांची रांग हे पुष्कळदा दिसतं. भोक घड्याळाच्या कुठल्या आकड्यापाशी आहे ते लिहा आणि छेदाची लांबी मोजा. हा त्या नाण्याच्या प्रवासाचा भाग आहे, दोष म्हणून दडवू नका. वाचन अडलं तर नाशिकजवळच्या अंजनेरी इथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेणं खासगी व्यक्तीला मना आहे, आजोबांकडून आलेलं असलं तरी. परदेशात राहणाऱ्यांनी सुटीहून परतताना हे लक्षात ठेवावं. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. विक्रेत्याला तो दाखवायला सांगण्यात संकोच नको. शेतात किंवा पायाच्या खोदकामात नाणी सापडली तर १८७८ चा गुप्तनिधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज असेल तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं.

परदेशातल्या लिलावातून आलेल्या नाण्याची पावती, लिलावाचा क्रमांक आणि जुनी चिठ्ठी नाण्यासोबतच ठेवा, तिची छायाप्रत वेगळ्या जागी. चिठ्ठीवरची ओळख चुकीची निघाली तरी ती फेकू नका. आपली दुरुस्ती वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून तिला जोडा.